काल्पनिक कंप्रता

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला ताईकडे जेवणे आटोपल्यावर फराळाची ताटली मध्ये ठेवून आम्ही सारे बोलत बसलो होतो. माझी भाची तेव्हा पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात होती. विषय भौतिकशास्त्राचा, आणि त्यातही असा की घरातील कुणालाही तो धड उच्चारता येत नसे. त्या दिवशी तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तिला पुन्हा एकदा विचारले की तू नेमके करतेस तरी काय. भाचीने ताटलीतला एक चिरोटा उचलला आणि त्याचा वरचा पदर नखाने अलगद सोडवला.

"आजी, काही स्फटिक असेच असतात, पदरापदरांचे. त्यातला एकच पदर सुटा केला तर त्याचा स्वभाव पार बदलतो. असा कुठला पदर बॅटरीत चांगला चालेल, कुठला अतिसंवाहक होईल, म्हणजे विजेला अजिबात अडवणार नाही, ते मी संगणकावर गणित करून काढते."

"मग तुझा तो पदर कुठे पाहायला मिळेल?" मी विचारले.

"अजून कुणी बनवलेला नाही, मामा."

"म्हणजे तो नाहीच तर! चार वर्षे तू एका नसलेल्या वस्तूचा अभ्यास करते आहेस."

सगळे हसले. तीही हसली. मग रिकाम्या ताटल्या गोळा करता करता, मान वर न करताच ती म्हणाली, "मामा, तू कादंबरी शिकवतोस ना?" आणि आत निघून गेली.

हा प्रसंग एवढाच. कुणी रुसले नाही, कुणी काही मनावर घेतल्याचे दिसले नाही. परंतु परतीच्या बसमध्ये ते वाक्य माझ्या मनातून जाईना. जी माणसे कधी जन्मलीच नाहीत त्यांच्या सुखदुःखांवर पंचवीस गुणांचे प्रश्न काढणाऱ्या माणसाने 'नसलेल्या वस्तूचा अभ्यास' म्हणून कुणाची टिंगल करावी, यात काहीतरी हास्यास्पद होते आणि काहीतरी असंस्कृतही होते. पुढचे काही महिने मला जमेल तसे, जमेल तेवढे मी या विषयाचे वाचले. भाचीला पुष्कळ प्रश्न विचारून भंडावले. त्या वाचनातून जे हाती लागले त्याचा हा हिशेब आहे. विज्ञानाच्या जाणकारांना यात नवे काही सापडणार नाही. पण 'शक्य', 'संभवनीय', 'काल्पनिक' हे शब्द वर्गात रोज वापरणाऱ्या माझ्यासारख्यांना त्यात थोडेफार विचार करण्यासारखे असावे, असे वाटते.

सुरुवात शिसपेन्सिलीपासून करायला हरकत नाही. शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे शुद्ध कार्बन. त्यात कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. मात्र एक जाळी आणि तिच्यावरची दुसरी जाळी यांचे नाते अगदी सैल असते. म्हणून पेन्सिल कागदावर घासली की पदर निसटून कागदाला चिकटतात. आपण त्याला अक्षर म्हणतो. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख पदर असतात. त्यातला एकच पदर सुटा केला तर त्याला ग्रॅफीन म्हणतात. लांबी आहे, रुंदी आहे, जाडी मात्र एका अणूएवढीच. म्हणून तो 'द्विमितीय' पदार्थ.

या एका पदराचे गणित फिलिप वॉलेस या कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच केले होते. त्याला ग्रॅफाइट समजून घ्यायचे होते. एकच पदर कल्पून त्याचे गणित करणे ही त्या वाटेवरची एक सोयीची पायरी होती. असा पदर खरोखर हाती येईल, अशी अपेक्षा त्यात नव्हती. किंबहुना १९३०च्या दशकात पायर्ल्स आणि लांदाऊ या मोठ्या सिद्धान्तकारांनी असा युक्तिवाद केला होता की काटेकोर अर्थाने द्विमितीय असलेला स्फटिक टिकूच शकत नाही. उष्णतेमुळे होणारी अणूंची थरथर त्याची रचना मोडून टाकील. म्हणजे ग्रॅफीन ही पन्नासाहून अधिक वर्षे एक गृहीत वस्तू होती. तिची सूत्रे पाठ्यपुस्तकात होती आणि ती स्वतः कुठेच नव्हती.

२००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटच्या तुकड्याला साधी चिकटपट्टी लावली, ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली. आणि शेवटी एका अणूच्या जाडीचा पदर वेगळा करून त्याच्यावर मोजमापे केली. २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लांदाऊ-पायर्ल्स यांचे गणित चुकीचे होते काय? तसेही नाही. खरा पदर काटेकोरपणे सपाट नसतो. त्यात बारीक लाटा असतात, आणि तो कुठल्या तरी आधारावर किंवा चौकटीवर असतो. अशक्यतेचा सिद्धान्त एका आदर्श वस्तूविषयी होता. प्रत्यक्षात आलेली वस्तू त्या आदर्शापासून किंचित ढळलेली होती आणि त्या ढळण्यामुळेच ती वाचली.

हे वाचून माझा पहिला गैरसमज दूर झाला. 'नाही' हा शब्द मी ज्या सहजतेने उच्चारला होता त्या सहजतेने तो या विषयातील थोर माणसांनाही उच्चारता आलेला नाही.

आता दुसरा प्रश्न. जी वस्तू कुणी पाहिलेली नाही तिचे गुणधर्म काढायचे तरी कसे? १९२९ मध्ये पॉल डिरॅक यांनी एका निबंधात अशा अर्थाचे मत नोंदवले होते की रसायनशास्त्राच्या सर्व भागाला आणि भौतिकीच्या फार मोठ्या भागाला पुरेसे पडतील असे मूलभूत नियम आता ज्ञात झाले आहेत. अडचण इतकीच की त्यांतून निघणारी समीकरणे सुटण्यासारखी नाहीत. म्हणजे व्याकरण पूर्ण माहीत, परंतु वाक्य इतके लांब की कर्ता आणि क्रियापद यांची भेट घालून देईपर्यंत जन्म संपावा. शंभर इलेक्ट्रॉन असतील तर प्रत्येकाचे तीन, असे तीनशे चल एकाच वेळी सांभाळावे लागतात. कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्या साऱ्यांची दखल घेत असतो.

यातून वाट काढली ती वॉल्टर कोन यांनी. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा १९३९ मध्ये मुलांना बाहेर काढणाऱ्या गाड्यांपैकी एकीतून इंग्लंडला पोहोचला. त्याचे आईवडील ऑशविट्झमध्ये मारले गेले. पुढे अमेरिकेत स्थिरावलेल्या या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये पियर होहेनबर्ग यांच्याबरोबर आणि १९६५ मध्ये लू शाम यांच्याबरोबर जे दोन निबंध लिहिले, त्यांवर आजचे हे सारे भाकीतशास्त्र उभे आहे. त्याला डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणतात. तिचा गाभा असा : एकेका इलेक्ट्रॉनचा माग काढत बसण्याची गरज नाही. पदार्थात कुठल्या ठिकाणी इलेक्ट्रॉनांची घनता किती आहे, एवढे कळले तरी त्या पदार्थाच्या मूळ स्थितीविषयीचे सर्व काही तत्त्वतः त्यात आलेले असते. तीनशे चलांच्या जागी तीनच उरतात. कोन यांना १९९८ मध्ये जॉन पोपल यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र या सिद्धान्ताची एक गंमत भाचीने मला सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. घनतेवरून ऊर्जा काढून देणारे एक अचूक सूत्र अस्तित्वात आहे, हे कोन आणि होहेनबर्ग यांनी सिद्ध केले. पण ते सूत्र कसे आहे, हे ती सिद्धता सांगत नाही. आजही ते पूर्णपणे कुणाला माहीत नाही. त्याची निरनिराळी अदमासे रूपे वापरली जातात आणि कुठले रूप कुठे फसते याचे एक अनुभवजन्य शहाणपण हळूहळू साचत गेले आहे. "म्हणजे बघ मामा," ती म्हणाली, "ज्याच्या जोरावर आम्ही नसलेल्या वस्तू शोधतो, ते सूत्र आहे हे नक्की, पण ते कुणी पाहिलेलं नाही."

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणे चालते. अणूंची एक रचना कल्पायची. स्फटिक म्हणजे एकाच छोट्या तुकड्याची अखंड पुनरावृत्ती. तेव्हा त्या एका तुकड्याचे गणित पुरते. ते महासंगणकाला द्यायचे. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' तयार केला तेव्हाच्या बातम्या माझ्या पिढीला शाळेत वाचल्याचे आठवत असेल. त्या 'परम' कुळातील आजची यंत्रे देशभरच्या संस्थांत हीच गणिते रात्रंदिवस करीत असतात. उत्तर आले की चाचण्या सुरू होतात. पहिली चाचणी ऊर्जेची : हा पदार्थ फुटून त्याचे दुसरे ज्ञात पदार्थ बनणे निसर्गाला अधिक सोयीचे आहे काय? असेल तर तो बाद होण्याची शक्यता मोठी. तरीही ही चाचणी अंतिम नव्हे. नेहमीच्या दाबाखाली आणि तापमानात कार्बनचे अधिक स्थिर रूप ग्रॅफाइट हे आहे, हिरा नव्हे; म्हणून बोटातला हिरा काही पेन्सिल होऊन गळून पडत नाही.

दुसरी चाचणी थरथरीची. अणूंना त्यांच्या जागेवरून किंचित हलवायचे आणि ते परत जागेवर येतात का, हे गणिताने पाहायचे. प्रत्येक प्रकारच्या थरथरीला एक कंप्रता असते. कंप्रतेचा वर्ग धन आला तर अणू परत येतात, रचना उभी राहते. वर्ग ऋण आला, तर कंप्रता उणे एकाच्या वर्गमुळाच्या पटीत येते. म्हणजे गणिताच्या भाषेत ती 'काल्पनिक' असते. तशी एकही काल्पनिक कंप्रता निघाली तर ती रचना आहे तशी टिकणार नाही, असा तिचा अर्थ.

हे ऐकले तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो. ज्या मुलीला मी काल्पनिक वस्तूंच्या मागे लागल्याबद्दल चिडवले, तिच्या कामाचा मोठा भाग उत्तरांतून 'काल्पनिक' शोधून ते बाद करण्याचा होता.

वर्गात ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र शिकवताना आपण सांगतो की इतिहासकार घडलेले सांगतो, कवी घडू शकेल असे सांगतो. आणि त्या 'घडू शकेल'ला संभवनीयतेचा आणि अपरिहार्यतेचा कडक नियम असतो. कथेतील माणूस वाटेल तसे वागू शकत नाही. त्याला थोडे हलवून पाहिले, एखादा प्रसंग बदलून पाहिला, तर तो आपल्या स्वभावाकडे परत यायला हवा. ही दोन शास्त्रे एकाच घरातली आहेत, अशी मी मनाशी जवळजवळ गाठच मारली होती. परंतु ती गाठ सोडवणे भाग आहे. साहित्याच्या माणसांना जिथे तिथे आपलेच प्रतिबिंब पाहण्याची खोड असते. ॲरिस्टॉटल असेही सुचवतो की न पटणाऱ्या शक्यापेक्षा पटणारे अशक्य कवीने पत्करावे. भाचीला ही मुभा नाही. तिच्या पदार्थाने वाचकाला पटून भागत नाही. त्याला एके दिवशी कुणाच्या तरी प्रयोगशाळेत, कुठल्या तरी धातूच्या पृष्ठभागावर, स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. आमच्या संभवनीयतेवर निकाल देणारे न्यायालय मनाचे. तिच्या संभवनीयतेवर निकाल देणारे न्यायालय मनाला विचारत नाही.

हे न्यायालय कसे चालते, याचे एक उदाहरण बोरॉनचे आहे. मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरी चार्ज करताना लिथियमचे आयन ऋण बाजूला असलेल्या ग्रॅफाइटच्या पदरांत शिरून बसतात. वापरताना ते बाहेर पडून परत जातात. ग्रॅफाइटमध्ये दर सहा कार्बन अणूंमागे एका लिथियमला जागा मिळते. त्यावरून ग्रॅफाइटची धारणक्षमता दर ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास इतकी निघते; ही त्याची सैद्धान्तिक कमाल. अधिक हलका, अधिक लिथियम सामावणारा पदर मिळाला तर? बोरॉन कार्बनहूनही हलका. बोरॉनचे एका अणूच्या जाडीचे पदर कसे असू शकतील, याची गणिते १९९०च्या दशकापासून होत होती. २०१५ मध्ये असा पदर, ज्याला बोरोफीन म्हणतात, चांदीच्या पृष्ठभागावर अतिशय उच्च निर्वातात प्रत्यक्ष तयार करण्यात आला. भाकीत खरे ठरले. लगेच २०१६ मध्ये दोन नवी भाकिते आली. एक असे की बोरोफीनची लिथियमसाठीची धारणक्षमता दर ग्रॅमला १८६० पर्यंत जाईल, म्हणजे ग्रॅफाइटच्या बरोबर पाचपट. दुसरे, अमेरिकेतील राइस विद्यापीठातील बोरिस याकोब्सन यांच्या गटाचे, असे की हाच पदर सुमारे १० ते २० केल्व्हिन तापमानाला अतिसंवाहक होईल.

आकडे वाचून आपण हरखून जातो. पण हे दोन्ही आकडे चांदीपासून मोकळ्या, एकट्या पदराचे आहेत. प्रत्यक्षातला पदर चांदीवर जन्मला, तिच्या आधाराने राहिला, हवेशी गाठ पडली की बिघडू लागला. पुढच्याच वर्षी आणखी एका गणिताने दाखवले की चांदीमुळे पदरावर येणारा ताण आणि चांदीकडून त्याला मिळणारे इलेक्ट्रॉन यांमुळे अतिसंवाहकतेचे ते तापमान बरेच खाली येते. ज्याच्या आधाराने जगायचे त्याचीच किंमत मोजायची, ही गोष्ट आपल्याला कादंबऱ्यांतून परिचयाची आहे. इथे ती केल्व्हिनमध्ये मोजता येते, एवढाच फरक.

अतिसंवाहकतेचा इतिहास तर भाकीतकारांची घमेंड उतरवणारा आहे. १९११ मध्ये लायडनला कामरलिंग ओनस यांनी पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला. ही घटना कुणीही आधी वर्तवलेली नव्हती, आणि तिचे समाधानकारक स्पष्टीकरण बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्याकडून यायला १९५७ साल उजाडावे लागले. बर्न्ड मथायस हा नवनवे अतिसंवाहक शोधणारा कसबी प्रयोगकर्ता आपल्या अनुभवाचे काही नियम सांगत असे. त्यातला शेवटचा नियम 'सिद्धान्तकारांपासून दूर राहा' असा होता, असे सांगतात. आजही गणिताने हे तापमान काढताना इलेक्ट्रॉनांच्या परस्पर तिटकाऱ्याचा एक आकडा पुष्कळदा गणितातून नव्हे तर रूढीने धरला जातो.

परंतु मला सर्वात अस्वस्थ केले ते मॅग्नेशियम डायबोराइडच्या हकिकतीने. बोरॉनचे ग्रॅफाइटसारखे पदर आणि त्यांच्या मधे मॅग्नेशियम, असे हे साधे संयुग १९५०च्या दशकापासून माहीत होते. रसायनांच्या दुकानातून ते बाटलीत भरून विकले जाई. जून अकिमित्सू यांच्या जपानी गटाने २००१ मध्ये ते थंड करून पाहिले तेव्हा ते ३९ केल्व्हिनला अतिसंवाहक झाले. तशा साध्या संयुगात इतके उंच तापमान तोवर कुणी पाहिले नव्हते. जवळजवळ अर्धे शतक ते फळीवर होते. 'आहे का?' या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बाबतीत निःसंशय 'आहे' असेच आले असते. आणि तरीही ते नव्हते. कारण ते कुणी तसे पाहिले नव्हते.

राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले, कारयित्री आणि भावयित्री : रचणारी आणि ग्रहण करणारी. मॅग्नेशियम डायबोराइडला कवी होता, सहृदय नव्हता. माझ्या भाचीच्या पदराचे उलट होते. त्याला सहृदय आधी भेटला होता, जन्म व्हायचा होता. अस्तित्व ही बाटलीत भरून फळीवर ठेवण्याची गोष्ट आहे, हा माझा समज त्या दिवशी पुसला गेला.

भाकिते खरी होतात, पण ती कधी अर्धी खरी होतात तर कधी वेगळ्याच रीतीने खरी होतात. ग्रॅफीनवर लिथियमचे अणू पसरले तर ते ८.१ केल्व्हिनला अतिसंवाहक होईल, असे २०१२ मध्ये गणित निघाले. २०१५ मध्ये व्हँकुव्हरच्या गटाला तशा पदरात अतिसंवाहकतेची खूण दिसली, ती सुमारे ५.९ केल्व्हिनला. २०११ मध्ये टेक्सासमध्ये रफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडॉनल्ड यांनी असे गणित मांडले की ग्रॅफीनच्या एका पदरावर दुसरा पदर सुमारे १.१ अंशाने वळवून ठेवला तर त्यातील इलेक्ट्रॉन जवळजवळ थबकतील, आणि मग काहीतरी विलक्षण घडण्याला वाव मिळेल. ते विलक्षण नेमके काय, हे गणिताने सांगितले नव्हते. २०१८ मध्ये पाब्लो हारियो-एरेरो यांच्या एमआयटीतील प्रयोगशाळेने ते दोन पदर त्याच कोनात ठेवले, आणि १.७ केल्व्हिनला ते अतिसंवाहक झाले. २०२० चे वुल्फ पारितोषिक या तिघांना मिळाले. भाकीत करणाऱ्याने घर दाखवले होते. आत कोण राहते ते प्रयोगाने दार उघडल्यावर कळले.

आता तर भाकितांचा पूर आलेला आहे. २०१८ मध्ये लोझान येथील निकोला मार्झारी यांच्या गटाने १,०८,४२३ ज्ञात त्रिमितीय संयुगे संगणकाने चाळली. त्यांपैकी ५,६१९ पदरांची निघाली, आणि १,८२५ अशी की ज्यांचा एकेक पदर सुटा करता येण्याजोगा असावा. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने २२ लाख नव्या स्फटिकांची भाकिते जाहीर केली. त्यांतले ३ लाख ८० हजार सर्वाधिक स्थिर, आणि सुमारे ५२ हजार ग्रॅफीनसारखे पदरांचे. यावर २०२४ मध्ये सांता बार्बरा येथील चीटम आणि शेषाद्री या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जी टीका लिहिली ती कुठल्याही समीक्षकाने वाचावी अशी आहे. यादी तपासून त्यांनी तीन प्रश्न विचारले : यात नवे काय, विश्वासार्ह काय आणि उपयोगाचे काय? या तिन्ही कसोट्यांना एकत्र उतरेल असे त्यांना फारसे काही आढळले नाही. ज्ञात संयुगांत एका मूलद्रव्याच्या जागी दुसरे घातले की एक नवी नोंद वाढते; नवा पदार्थ मिळतोच असे नाही. दिवाळी अंकांचा ढीग उपसणाऱ्या वाचकाला हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणजे शक्यतेची यादी आता स्वस्त झाली आहे. महाग आहे ती त्या यादीतील एका ओळीची जबाबदारी घेणे. हे मला कळले ते मात्र वाचनातून नव्हे.

यंदा आषाढात एका रात्री भाचीचा फोन आला. तिचा निबंध पूर्ण झाला होता, पाठवायचा तेवढा बाकी होता. तिने थरथरीचे गणित एका ठराविक बारकाईने केले होते आणि त्यात सर्व कंप्रता ठीक आल्या होत्या. पाठवण्यापूर्वी तिने तेच गणित अधिक बारीक जाळी घेऊन पुन्हा केले. कुणी सांगितले नव्हते. आधीच्या गणितावर निबंध छापून येण्याला बहुधा काही अडचण आली नसती. त्यासाठी दोन आठवडे यंत्रावर पाळी लावून थांबावे लागले. आणि त्या बारीक जाळीत, एका कोपऱ्यात, एक काल्पनिक कंप्रता निघाली.

"मामा, तो पदर नाहीच," ती म्हणाली. "तू भाऊबीजेला म्हणाला होतास ते खरं निघालं."

तिचा आवाज थकलेला होता. काय बोलावे ते मला पटकन सुचले नाही. मग जे सुचले ते एवढेच होते : "नाही गं. मी ते न पाहता म्हणालो होतो. तू पाहून म्हणते आहेस."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. त्या दोन 'नाहीं'मध्ये चार वर्षांचे अंतर होते, आणि माझा 'नाही' त्या अंतरातले एक पाऊलही चाललेला नव्हता. ग्रॅफीनविषयीचा लांदाऊंचा 'नाही' चुकला असेल, पण तो कमावलेला होता. माझा खरा ठरला तरी तो फुकटचा होता. खरे बोलणे आणि बरोबर असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल.

मग तिने सांगितले की काल्पनिक कंप्रता हा शेवट नसतो. ती नुसते 'मोडेल' असे म्हणत नाही. अणूंना कुठल्या दिशेने सरकायचे आहे, तेही दाखवते. त्या दिशेने अणू थोडे सरकवायचे आणि ते जिथे स्थिरावतील तिथून गणित पुन्हा सुरू करायचे. कदाचित तिथे दुसरीच रचना असेल. ती अतिसंवाहक असेलच असे नाही. बॅटरीच्या कामाची असेलच असेही नाही. ती गणिते आता सुरू आहेत.

येत्या भाऊबीजेला मी पुन्हा ताईकडे जाणार आहे. आई तिला पुन्हा विचारील की तू करतेस तरी काय. मीही विचारणार आहे. 'आहे का?' असे नव्हे. साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्याने कवितेचा कुठलाही अर्थ लावला तरी मी त्याला जो एकच प्रश्न विचारतो, आणि जो त्या दिवशी चिरोट्याच्या ताटलीसमोर मला सुचला नाही, तोच विचारीन : कशावरून?